विसाव्याच्या दगडावर मोटार

भानू,

तुला विसाव्याच्या दगडावर टेकवता आलं नाही. बाकी कोणी हे तुला सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

आपल्या गावात माणूस गेला की तिरडी पेठेतून निघते आणि पेठेच्या तोंडाशी, जिथे रस्ता नदीकडे उतरतो, तिथल्या सपाट काळ्या दगडावर घटकाभर खाली ठेवतात. खांदेकरी जागा बदलतात, मागचे पुढे येतात. गेलेल्या माणसाने आपला बाजार एकदा डोळे भरून पाहून घ्यावा म्हणून हा विसावा, असं जुनी माणसं सांगत. माझी आई तिथे टेकली, तुझे वडील तिथे टेकले. चाळीस वर्षं तू त्या दगडापासून दहा पावलांवर, आपल्या ओट्यावर शिवणयंत्र घेऊन बसलास आणि प्रत्येक तिरडीला यंत्र थांबवून उभा राहिलास. तुझी पाळी आली तेव्हा त्या दगडावर एक बदामी रंगाची फियाट चढून उभी होती.

बुधवार होता, बाजाराचा दिवस. तू पहाटे गेलास. तुझा मुलगा पिंपरीहून येईपर्यंत बारा वाजले. आपल्या ठरावाप्रमाणे बुधवारी सूर्योदयापासून दुपारी दोनपर्यंत पेठेत मोटार यायची नाही. पण त्या दिवशी बांबू आडवा धरायला कोणी नव्हतं. बांबू धरणारा माणूस आत पडवीत आंघोळ घालून निजवलेला होता. आणि त्याला शेवटचं भेटायला आलेली प्रतिष्ठित माणसं, त्याच पेठेत, आपापल्या मोटारी घेऊन आली होती. शाळेच्या पटांगणापासून तुझ्या दारापर्यंत तीनशे ऐंशी पावलं. ती तू स्वतः मोजली होतीस. तुझ्या मयताला येतानाही त्यांना ती चालवली नाहीत.

तिरडी दगडापाशी आली आणि अडली. एका अंगाला गाडी, दुसऱ्या अंगाला सोनाराची भिंत. मधून एक माणूस तिरका होऊन गेला असता, चार खांदेकरी आणि मध्ये तू, हे शक्य नव्हतं. तुझा मुलगा ओरडला, "गाडी कोनाची हाय? ओ, गाडी कोनाची?"

कोणी बोललं नाही.

गाडी भातगिरणीवाल्या आबासाहेबांची होती. ते माझ्या शेजारीच उभे होते, हात जोडून, मान खाली घालून. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. इतक्या माणसांसमोर "माझी" म्हणायची त्यांना लाज वाटली. ही लाज त्यांना गाडी दगडावर चढवताना वाटली नव्हती. मला ठाऊक होतं गाडी कोणाची ते. मीही बोललो नाही. कारण गाडीच्या पुढच्या काचेला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती, "सदर वाहनास बाजारदिवशी सोडावे", आणि ते अक्षर माझं होतं.

शेवटी खांदेकऱ्यांनी तुला गाडीच्या बॉनेटवरून पलीकडे दिलं. चौघांनी अलीकडून उचललं, चौघांनी पलीकडून धरलं, पोतं द्यावं तसं. एक फुलांची माळ पुढच्या चाकापाशी पडली. आणि तेव्हा हिराबाई, भाजीची पाटी कडेला ठेवून उभी असलेली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"भानूदादाला बी चिठ्ठी लागंल काय रं?"

ते कोणाला उद्देशून होतं, ते तिला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मी मात्र ते माझ्यासाठीच धरलं आहे.

भानू, हे सगळं हिराबाईच्या पायापासून सुरू झालं होतं. तिची वाडी डोंगराच्या पायथ्याशी. पहाटे निघून पाटी डोक्यावर घेऊन ती येते आणि तुझ्या ओट्यासमोर बसते. तिची सासूही तिथेच बसायची. शिळफाट्याकडे कारखान्यांना जमिनी गेल्या, गावात पैसा आला आणि पैशाला लगोलग चाकं फुटली. पेठेत दोन गाड्या होत्या त्या दहा झाल्या. त्यात शनिवार-रविवारचे मुंबईचे बंगलेवाले आणि बुधवारी कर्जतहून खोपोलीला जाताना "जरा ताजी भाजी घेऊ" म्हणून आत शिरणारे. त्यातल्याच एकाचं मागचं चाक हिराबाईच्या वांग्यांवरून गेलं आणि मग तिच्या डाव्या पायाच्या दोन बोटांवरून. गाडीवाला खाली उतरला तो आधी आपला टायर बघायला. मग म्हणाला, "रस्त्यात कशाला बसता, बाई? रस्ता गाड्यांसाठी असतो."

"तुजी गाडी जन्माला यायच्या आदीपासून आमी हितं बसतूं," हिराबाई म्हणाली. पाय धरून, पण आवाज चढवून.

तू ओट्यावरून उतरलास. तिच्या पायाला कोटाच्या अस्तराची पट्टी बांधलीस. आणि मग गळ्यातली टेप काढून, सगळ्या बाजारासमोर, पेठ मोजायला लागलास. लोक हसले. मीही वाचनालयाच्या खिडकीतून हसलो.

त्यानंतरच्या ग्रामसभेत तू बोललास ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. सभेत पूर्वी तू कधी तोंड उघडलं नव्हतंस. गळ्यात टेप तशीच होती, काढायची राहिली होती बहुतेक.

"पेठंचा पन्हा साडेअकरा फूट," तू म्हणालास. कापडाच्या रुंदीला तुम्ही लोक पन्हा म्हणता. "दोनी अंगाला बायांच्या पाट्या, अडीच-अडीच फूट. गेलं पाच. राह्यलं साडेसा. मोटार पाच फुटांची. म्हंजी दोनी अंगाला नऊ-नऊ इंच. नऊ इंचात धड बाही निघत नाय, मानूस कुठनं निघंल?"

आबासाहेब उठून म्हणाले, "आता शिंप्यानं रस्ते शिवायचे होय?"

"शिवत नाय आबासाहेब. उसवलंय तेवढं धरतो."

"बैलगाडी चालती, मोटार का नाय?"

"बैलाला दिसतं. बैल मानसावर पाय देत नाय. मोटारीला डोळं दोन हायेत, पन दिसत नाय." सभा हसली तेव्हा तू थांबलास. मग हळू म्हणालास, "कापड येवढंच हाय. ह्यातनं सदरा निघंल, नायतर कोट निघंल. दोनी निघायचं नाय. काय शिवायचं ते तुमी ठरवा."

मी आयुष्यात पुष्कळ वाचलं आहे, भानू. शहरांतल्या रस्त्यांबद्दलही वाचलं आहे. परदेशात काही शहरांनी भर बाजारातले रस्ते मोटारींना बंद केले, ही बातमी मीच तुला तुझ्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवली होती. पण एवढा नेमका युक्तिवाद मी कुठल्या छापील कागदावर पाहिला नाही. त्या दिवशी ठराव मंजूर झाला. हात वर करताना पुष्कळांचे चेहरे खरोखर उजळले होते. मी पाहिले.

आणि तिथेच मी घात केला.

मी उभा राहिलो. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, वाचनालय चालवणारा, गावाची पत्रं आणि मानपत्रं लिहिणारा माणूस. मी म्हणालो, ठराव उत्तम आहे, पण प्रसंग पाहून सूट देण्याचा अधिकार एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे असावा. सगळे म्हणाले, "मास्तरच द्या चिठ्ठी." मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

घरी परतताना तू म्हणालास, "मास्तर, भोक एक असलं का त्याला रफू करता येतो. भोकंच भोकं झाली का त्याला जाळी म्हंतात."

मी म्हणालो, "अपवाद नसलेला नियम हा जुलूम असतो, भानू."

"कोनाला लागणार अपवाद? डॉक्टरचा दवाखाना पेठंतच हाय. तो चालत येतो."

"उद्या एखादी बाई अडलेली असली तर?"

"तर बांबू मी उचलंन की. त्याला चिठ्ठी कशाला? डोळं हायेत मला."

माझ्याकडे एक वाक्य होतं. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. आपला हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. दर वेळी मी नियम आणि अपवाद यांच्यावर बोलायचो आणि तू सुईत दोरा ओवत ऐकायचास. आज कळतं की तो वाद नव्हताच. तू एक गोष्ट सांगत होतास आणि मी नुसतं शुद्ध मराठी बोलत होतो.

पहिले सहा महिने मी एकही चिठ्ठी दिली नाही. त्या सहा महिन्यांतली पेठ मला आठवते. बाया ऐसपैस बसायच्या. म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून बोलायची. आपल्या पेठेत एवढे आवाज आहेत हे मला तेव्हा कळलं: कातरीचा, तराजूच्या साखळीचा, "घे गं, घे गं मावशे" म्हणून घासाघीस करण्याचा. तू दर बुधवारी उजाडता उजाडता दोन्ही तोंडांना बांबू आडवे टाकायचास आणि ओट्यावरून लक्ष ठेवायचास. कोणी हॉर्न वाजवला की उठून जायचास, पटांगणाकडे हात दाखवायचास आणि म्हणायचास, "तीनशे ऐंशी पावलं हायेत, साहेब. मी मोजलीत."

मग अधिक महिना आला.

सुमतीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. माझी एकुलती मुलगी, पुण्याला दिलेली. पहिल्या अधिकाला जावई धोंड्याचं वाण घ्यायला येणार, तेही वडिलांची अँबॅसिडर घेऊन, आणि नेमके बुधवारी. आमच्या मंडळींनी आदल्या दिवशीपासून धरलं. "पहिल्या अधिकाचे जावई. त्यांना शाळेपाशी उतरवून चिखलातून चालवत आणायचं? तुमच्या त्या बांबूपायी?" मी म्हणालो, ठराव आहे. त्या म्हणाल्या, "आणि चिठ्ठी देणारे कोण आहेत?"

मी चिठ्ठी लिहिली. "सदर वाहनास प्रसंगपरत्वे सोडावे." प्रसंग कोणता ते लिहिलं नाही. चिठ्ठी शाळेच्या शिपायाकडून फाट्यावर पाठवली आणि मी घरात बसून राहिलो. तुझ्यासमोर यायचा मला धीर झाला नाही. जावईच नंतर म्हणाले, "तुमच्या शिंपीकाकांनी बोट ठेवून ठेवून चिठ्ठी वाचली, बांबू उचलला आणि मला नमस्कार केला. फार सज्जन माणूस."

दोन दिवसांनी मी सदऱ्याचं माप द्यायचं निमित्त करून तुझ्याकडे आलो. तू माप घेतलंस. खांदा, छाती, बाही. मी वाट पाहत होतो. तू एवढंच म्हणालास, "जावई बरे हायेत ना?"

त्यापेक्षा तू मला शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तुझा मला राग येतो तो इथे, भानू. खरंच येतो. परक्या गाडीवाल्याला तू भर बाजारात अडवत होतास आणि मला, ज्याने तुझं काम आतून कुरतडलं, त्याला तू बाहीचं माप विचारलंस. मैत्री राखलीस. मैत्री राखायची ही कुठली रीत? माझ्या तोंडावर चिठ्ठी फेकली असतीस तर मी दुसरी लिहिली नसती.

पण मी लिहिल्या. पुढच्या बुधवारी सावकारांचे व्याही आले. त्यापुढच्या बुधवारी दोन जावई आले. अधिक महिना संपला, जावई संपले नाहीत. ज्याच्या त्याच्या भिडेला बळी पडून मी त्या लिहीत गेलो. लोक यायचे, चहा घ्यायचे, माझ्या तब्येतीची चौकशी करायचे, वाचनालयाला पुस्तकं देऊ म्हणायचे आणि उठता उठता म्हणायचे, "मास्तर, तेवढी चिठ्ठी." नाही म्हणायला लागणारं एक अक्षर माझ्या सुंदर हस्ताक्षरात नव्हतं. शेवटी आबासाहेब आले. त्यांची सासुरवाडी पेठेतच, साठीचे गृहस्थ. हसत म्हणाले, "मी बी कुनाचा तरी जावईच हाय की, मास्तर." मी हसलो आणि लिहून दिली. तारीख न घालता. ती कायमची झाली.

मी तुला परदेशातली बातमी वाचून दाखवली होती, तेव्हाचं तुझं उत्तर या दिवसांत मला रोज ऐकू येतं. टाका तोडत म्हणाला होतास, "तिथं जावई नसत्याल."

नंतर नंतर बांबू म्हणजे तुझा एकट्याचा छंद झाला. चिठ्ठी नसलेला एखादा परगावचा गाडीवाला तेवढा अडायचा आणि तोही गावातल्या गाड्या आत बघून तुझ्याशी भांडायचा. "ह्यांना कसं सोडलंत?" तू चिठ्ठी दाखवायचास. माझं नाव कधी घेतलं नाहीस. पोटातलं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. वहिनी म्हणायच्या, बुधवारी तरी उन्हात उभे राहू नका. तू राहायचास. ज्या ठरावाला गावाने हात वर केले तो एका आजारी शिंप्याने उन्हात उभं राहून पाळायचा आणि हात वर करणाऱ्यांनी काचा वर करून त्याच्या अंगावरून जायचं. हे मी वाचनालयाच्या खिडकीतून पाहत होतो. खिडकीला जाळी आहे, सावली आहे, पंखा आहे.

त्या वाचनालयातली किती पुस्तकं तुझ्यामुळे उभी आहेत! फाटलेलं पुस्तक मी टाकायला काढलं की तू घेऊन जायचास आणि कोटाच्या उरलेल्या कापडाची बांधणी करून परत आणायचास. चरित्रं खाकीत, कादंबऱ्या चट्ट्यापट्ट्यांत, ग्रंथ काळ्या अल्पाकात. चौथीनंतर तुझी शाळा सुटली, तरी कपाटासमोर उभा राहून तू सांगायचास, "तो आपल्या तलाठ्याच्या कोटाचा हाय ना, तो दे वाचायला. हळू वाचतो, पन वाचतो." माझ्या प्रत्येक सदऱ्याला तू आतून एक जास्तीचा खिसा लावलास, पुस्तक मावेल एवढा. मी कधी मागितला नव्हता. आजही त्यातला एक सदरा अंगात आहे. हे उपकार आठवले की राग जाईल असं वाटलं होतं. जात नाही, वाढतो.

तू गेल्यानंतरचा पहिला बुधवार झाला. बांबू कोणी टाकला नाही. पेठेच्या एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत गाड्या. हिराबाईने आपली पाटी मागे, मागे, अगदी गटाराच्या फरशीवर नेऊन ठेवली होती. मी तिथे गेलो, दोन जुड्या मेथी घेतली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा हवं तर, मास्तर. वरनं चाक जानार नाय. हितं गाडीला बी घान वाटती."

मी म्हणालो, "हिराबाई, तुम्ही पंचायतीत येऊन सांगत का नाही?"

"आमची वाडी तुमच्या पंचायतीत नाय. बाजार तुमचा, पंचायत तुमची. पाय तेवढं आमचं."

मला हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. ज्यांना पेठेत चालत यावं लागतं त्यांना तिथे मत नाही. ज्यांना मत आहे त्यांना मोटारी आहेत किंवा मोटारवाले जावई आहेत. तू हे ओळखून होतास. म्हणून त्यांच्या वतीने तू उभा राहत होतास.

त्यानंतर शुक्रवारी ग्रामसेवक आला. नवा मुलगा आहे, नम्र आहे. कोरा कागद आणि पेन घेऊन आला. "सर, रविवारच्या सभेसाठी दोन ठराव लिहून द्यायचे आहेत. एकाच कागदावर आले तर बरं."

"कुठले?"

"पहिला भानुदासकाकांच्या दुखवट्याचा. दुसरा बाजारदिवशीच्या मोटारबंदीचा. ती राबवणारी व्यक्ती आता हयात नाही, सबब बंदी रद्द समजावी, असा." मग जरा पुढे झुकून म्हणाला, "पहिल्यात जरा सविस्तर लिहा, सर. ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, असं सरपंच म्हणाले."

मी कागद ठेवून घेतला. दोन दिवस तो टेबलावर होता. मला दुखवट्याचे ठराव लिहिता येतात. गावातल्या सगळ्यांचे मीच लिहिले आहेत. "निःस्पृह", "लोकाभिमुख", "पोकळी", हे शब्द माझ्या हाताला इतके सरावलेले आहेत की लेखणी आपण होऊन धावते. या वेळी धावली असती तर मी माझा हात तोडला असता.

रविवारी, म्हणजे काल, सभा झाली. सरपंचांनी नाव पुकारलं. "मास्तर, वाचा."

मी उभा राहिलो. तुला माहीत आहे, शाळेतसुद्धा मी फळ्याकडे तोंड करून शिकवणारा माणूस. मी म्हणालो, "कागद कोरा आहे. मी काही लिहिलेलं नाही."

"बरं नाही का वाटत?"

"बरं वाटतं. एका ठरावाने त्याचा बांबू काढायचा आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी डोळे पुसायचे, हे मला एका कागदावर लिहिता येत नाही. दोन कागदांवरही येत नाही. बंदी तुम्हाला उठवायची असेल तर उठवा. हात तुमचे आहेत. पण मग त्याचा दुखवटा करू नका."

आबासाहेब म्हणाले, "मास्तर, गेलेल्या मानसाचा तरी मान ठेवा."

"आबासाहेब, त्या दिवशी गाडी कोणाची म्हणून त्याचा मुलगा ओरडत होता, तेव्हा किल्ली तुमच्या खिशात होती."

मला वाटलं होतं मी तिथे थांबेन. पण थांबलो नाही. "आणि ते मला माहीत होतं. चिठ्ठी माझीच होती. पहिली चिठ्ठी मी माझ्या जावयाला दिली. ही बंदी भानुदास गेल्यामुळे बंद पडलेली नाही. तो जिवंत असताना, तो उभा असताना, मी ती बंद पाडली. ठराव लिहायचाच असेल तर तसा लिहा, मी सही करतो."

सरपंच शांत माणूस. ते म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. दुखवटा राहू द्या. दुसऱ्या विषयाला हात वर करा." हात वर झाले. मी मोजले नाहीत. पहिल्या ठरावाला उजळलेले ते चेहरे आता खाली पाहत होते, पण हात वर होते. बंदी गेली, भानू. आपल्या पेठेत आता कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, कोणीही मोटार घालू शकतो. त्याला माझ्या चिठ्ठीचीही गरज नाही.

आणि पंचायतीच्या पुस्तकात तुझा दुखवटा नाही. या गावात मेलेल्या अडत्याचा आहे, जुन्या गिरणीवाल्याचा आहे, एका फौजदाराच्या आईचासुद्धा आहे. तुझा मी होऊ दिला नाही.

सभेवरून मी तसाच वहिनींकडे गेलो. हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटत होतं. त्या ओट्यावर बसल्या होत्या, गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे परत करायला नावं पाहून वेगळे काढत. मी सगळं सांगितलं. म्हणालो, "वहिनी, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मला माफ करा. त्याचं नाव पुस्तकात आलं असतं."

त्यांनी एक झबलं घडी करून ठेवलं. "बरं केलंत, भावजी. त्यांचं रडनं घेऊन मी कुटं ठेवू?"

मला हलकं वाटलं. त्या क्षणी, खरं सांगतो, मला वाटलं की मी तुझ्यासाठी काहीतरी केलं. उठायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या,

"पन बोलता येत व्हतं तुमाला."

मी थांबलो.

"येवढं बोलता येत व्हतं, तर ते असताना बोलायचं व्हतं. एक बुधवार जरी त्यांच्या शेजारी जाऊन उभं राह्यला असतात, तरी ते..." पुढचं त्यांनी सोडून दिलं आणि पुढचं कापड उचललं.

मी ओट्याखाली उतरलो. समोरून एक गाडी आली. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि तिला वाट दिली.